एप्रन, कॉलर आणि ज्वेल: फ्रीमेसनचा पोशाख कसा वाचायचा

फ्रीमेसनरी ही गवंड्यांच्या हत्यारांतून आणि विधींतून शिकवण देणारी एक जुनी बंधुसंघटना, आणि तिचे सदस्य ते फ्रीमेसन. त्यांच्याबद्दलच्या मराठी लेखांत ‘तेहतीस डिग्र्या’ हे शब्द हमखास भेटतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी भेटतात. वाचणाऱ्याची समजूत होते की ही तेहतीस पायऱ्यांची शिडी आहे आणि वरच्या पायरीवरचा माणूस खालच्या सगळ्यांवर हुकूम चालवतो. प्रत्यक्षात मूळ संस्थेत, म्हणजे क्राफ्टमध्ये, डिग्र्या तीनच आहेत: एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. तिसरी घेतली की माणूस पूर्ण फ्रीमेसन झाला. संस्थेचा सर्वोच्च प्रमुख असलेला ग्रँड मास्टरसुद्धा डिग्रीने मास्टर मेसनच असतो.

गोंधळाचं मूळ असं की डिग्री, पद आणि मानाचा दर्जा या तीन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. डिग्री विधीतून मिळते आणि कायम राहते. पद लॉजमधलं, म्हणजे स्थानिक शाखेतलं असतं आणि साधारण वर्षभर टिकतं. दर्जा ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजेसची वरची संस्था, किंवा तिची प्रांतिक शाखा देते. या तिन्ही गोष्टी अंगावर वेगवेगळ्या दिसतात. एप्रनवरच्या कापडी फुलांवरून डिग्री कळते, कॉलरला लटकवलेल्या ज्वेलवरून, म्हणजे धातूच्या पदचिन्हावरून, पद कळतं आणि कापडाच्या रंगावरून दर्जा. एवढं डोक्यात ठेवलं तर लॉजचा कुठलाही फोटो बराचसा वाचता येतो.

इथे मी इंग्लंडची पद्धत पायाला धरली आहे, कारण तिचे नियम इंचांत लिहिलेले आहेत. स्कॉटलंड आणि अमेरिका जिथे वेगळी वाट धरतात तिथे तसं सांगितलं आहे. खुणा आणि परवलीचे शब्द सदस्य स्वतःपाशी ठेवतात. तेही इथे तसेच राहू देत, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

एकसारखेपणा कुठून आला

२४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात चार लॉजेस एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज उभी राहिली, असं संस्था मानते. १७५१मध्ये ‘अँशंट्स’ म्हणवणाऱ्यांनी प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज काढली. २७ डिसेंबर १८१३ला दोन्ही एक झाल्या आणि युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड जन्माला आली. त्याआधी एप्रन ज्याच्या त्याच्या आवडीचं असायचं. कुणी त्यावर सूर्य-चंद्र रंगवून घ्यायचा, कुणी खांब आणि देवळं, कुणी रेशमी भरतकाम. संग्रहालयांतली जुनी एप्रन्स म्हणूनच इतकी सुंदर आणि इतकी वेगवेगळी दिसतात. एकीकरणानंतर १८१५च्या घटनेत मापं आणि रंग ठरवून दिले गेले आणि ते मुख्यतः आजही तसेच आहेत. एक मोठी चित्रकला त्यात गेली हे खरं, पण अनोळखी लॉजमध्ये पाऊल ठेवताक्षणी समोरचा कोण आहे हे कळू लागलं.

प्रवेशाआधी

उमेदवाराचं नाव मांडणारा आणि अनुमोदन देणारा असे दोन सदस्य लागतात. मग गुप्त मतदान होतं. इंग्लंडच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन काळे गोळे पडले तर नाव नामंजूर होतं. लॉजला आपल्या उपनियमांत ही संख्या दोन किंवा एकवर आणता येते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी काळ्या गोळ्याऐवजी काळा घन ठेवतात, आणि त्यामागचं कारण साधं आहे: अंधाऱ्या पेटीत हात घातल्यावर बोटांना आकार लागतो, रंग लागत नाही. चुकून काळा गोळा टाकल्याने चांगला उमेदवार हातचा जातो, म्हणून मतदानाआधी ‘हो’ कशाने आणि ‘नाही’ कशाने हे मोठ्याने सांगायलाच हवं.

श्रद्धेची अट एकच आहे: परमेश्वराच्या अस्तित्वावर विश्वास. धर्म कुठला हे क्राफ्ट विचारत नाही. शपथ उमेदवाराच्या स्वतःच्या धर्मग्रंथावर घेतली जाते.

पहिली डिग्री

विधीआधीची तयारी टायलर करतो. हा लॉजच्या दाराबाहेर तलवार घेऊन उभा असलेला पहारेकरी. तो उमेदवाराच्या अंगावरचा सगळा धातू काढून घेतो: नाणी, घड्याळ, अंगठी, किल्ल्या. इंग्लिश पद्धतीत उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा ठेवतात आणि उजव्या पायात टाच मोकळी राहील अशी सपाता घालतात. डोळ्यांवर पट्टी आणि गळ्यात दोर असतो. दुसऱ्या डिग्रीत बाजू उलटतात आणि तिसरीत दोन्ही बाजू येतात. घोटाळा नेमका इथे होतो. दुसऱ्या डिग्रीचा उमेदवार सवयीने पहिल्यासारखाच तयार केला जातो आणि दार उघडल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात येतं. दुसरी अडचण आजकालच्या अरुंद मोहरीच्या पँटची. ती गुडघ्यापर्यंत चढतच नाही. उमेदवाराला सैल पँट घालून यायला आधीच सांगावं, किंवा लॉजने त्यासाठी एक सैल जोड ठेवावा.

धातू काढण्यामागे पुढच्या एका प्रसंगाची तयारी असते. शपथेनंतर उमेदवाराला ईशान्य कोपऱ्यात, इमारतीचा पहिला दगड जिथे बसवतात तिथे, उभं करून त्याच्याकडे दान मागितलं जातं. त्याच्यापाशी काहीच नसतं, आणि निर्धनाची अवस्था त्याला तिथल्या तिथे अनुभवायला मिळते. मागच्या खिशात एक नाणं राहिलं तरी हा प्रसंग पोकळ होतो. अंगठी निघतच नसेल तर तिच्यावर पट्टी चिकटवून झाकतात, पण खिसे मात्र दोनदा तपासावेत.

उमेदवाराला सोबत करणारे दोन अधिकारी म्हणजे डीकन. पहिल्या डिग्रीत त्याला ज्युनिअर डीकन फिरवतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या डिग्रीत सीनिअर डीकन. फेरी सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. लॉजचा प्रमुख, म्हणजे मास्टर, पूर्वेला बसतो. त्याच्या खालोखालच्या दोन अधिकाऱ्यांपैकी सीनिअर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनिअर वॉर्डन दक्षिणेला बसतो. उत्तरेला या तिघांपैकी कुणी नसतो. प्रार्थनेच्या वेळी दोन्ही डीकन आपले दंड उमेदवाराच्या डोक्यावर फुलीसारखे धरतात. इमारतीचं छत खाली असेल तर हे दंड दिव्याला लागतात, तालमीत हे पाहून ठेवावं.

सगळा विधी तोंडपाठ म्हणायचा असतो. विसरणाऱ्याला आठवण करून द्यायची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी. दोन-तीन बाजूंनी शब्द सुचवले गेले की बोलणारा अडखळतो आणि डोळे बांधलेला उमेदवार बावरतो. तालमींसाठी लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन असतात. लंडनची एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट १८२३पासून या कामासाठी भरते. तिथे संपूर्ण विधी एकही दुरुस्ती न होता पार पाडणाऱ्याला चांदीची काड्यापेटी देतात. मला स्वतःला शब्दाच्या अचूकतेपेक्षा बोलण्याची लय जास्त मोलाची वाटते. घाईघाईने बिनचूक म्हटलेलं भाषण उमेदवाराच्या कानावरून वाहून जातं. तरीही पाठांतर पक्कं असल्याशिवाय लय येत नाही, हेही तितकंच खरं.

हत्यारं आणि ग्रंथावरची मांडणी

प्रत्येक डिग्रीला गवंड्याची आणि पाथरवटाची हत्यारं दिलेली आहेत. इंग्लिश पद्धतीत पहिलीला चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. दुसरीला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. तिसरीला रेघ आखायच्या दोरीची फिरकी, पेन्सिल आणि कंपास. अमेरिकेत पहिल्या डिग्रीत छिन्नी नाही आणि तिसऱ्या डिग्रीत थापीला मान आहे, कारण ती चुना पसरून दगड जोडते. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. अमेरिकी पद्धत त्यांचे आठ-आठचे तीन भाग पाडते.

लॉज कुठल्या डिग्रीत उघडी आहे हे पवित्र ग्रंथावर ठेवलेल्या गुण्या आणि कंपासवरून कळतं. पहिल्या डिग्रीत कंपासची दोन्ही टोकं गुण्याखाली झाकलेली असतात, दुसरीत एक वर येतं, तिसरीत दोन्ही. एका बैठकीत लॉज तिसरीपर्यंत चढवून पुन्हा पहिलीत आणली की ही मांडणी प्रत्येक वेळी बदलावी लागते, आणि परतीच्या वाटेवर ती विसरली जाते. तसंच वॉर्डनांपुढच्या दोन छोट्या खांबांचं. काम चालू असताना सीनिअर वॉर्डनचा खांब उभा आणि ज्युनिअरचा आडवा, खाण्यापिण्यासाठी काम थांबलं की उलट. ज्युनिअर वॉर्डन आपला खांब आडवा करायला विसरला तर दोन्ही उभे राहतात आणि त्या मांडणीला काहीच अर्थ उरत नाही.

पूर्वी डिग्रीची चित्रं जमिनीवर खडू आणि कोळशाने काढत आणि विधी संपला की ओल्या फडक्याने पुसून टाकत. मग रंगवलेली कापडं आली आणि शेवटी चौकटीतले फलक. जॉन हॅरिस यांनी १८४५मध्ये एम्युलेशनसाठी केलेले तीन ट्रेसिंग बोर्ड अजून आदर्श मानले जातात.

दुसऱ्या डिग्रीबद्दल थोडक्यात: ती ज्ञानाची, शास्त्रांची आणि गोल जिन्याची डिग्री आहे, आणि तिघींत सगळ्यांत शांत. तिसरी मृत्यूला सामोरं जायला शिकवते. शलमोनाच्या मंदिराचा शिल्पकार हिराम अबिफ याची कथा तिच्या केंद्रस्थानी आहे आणि ती मंद प्रकाशात घडते. इंग्लंडमध्ये दोन डिग्र्यांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. पुढे जाण्याआधी उमेदवाराला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं लॉजमध्ये उभं राहून द्यावी लागतात. अमेरिकेत अनेक राज्यांत ही प्रश्नोत्तरं बरीच लांब असतात आणि तीही पाठ करावी लागतात.

एप्रन

एंटर्ड अप्रेंटिसचं एप्रन म्हणजे पांढरं कोकराचं कातडं. रुंदी १४ ते १६ इंच, उंची १२ ते १४ इंच, वर झडप, पांढरे बंद, नक्षी काहीच नाही. फेलो क्राफ्टच्या एप्रनवर खालच्या दोन कोपऱ्यांत आकाशी रंगाची दोन फुलं येतात. मास्टर मेसनच्या एप्रनला आकाशी अस्तर आणि दोन इंचांपर्यंतची आकाशी किनार असते, झडपेवर तिसरं फूल आणि दोन्ही बाजूंना रुपेरी गोंडे. प्रत्येक गोंड्याला सात साखळ्या. पूर्वी बंद कमरेभोवती गुंडाळून पुढे बांधत आणि त्यांची टोकं खाली लोंबत, त्यांचीच ही शोभेची आठवण असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

लॉजचा मास्टर झाला की तिन्ही फुलं जातात आणि त्यांच्या जागी उलट्या ‘टी’सारख्या तीन आकृत्या बसतात: अडीच इंचांची आडवी रेघ आणि तिच्यावर एक इंचाची उभी. प्रत्येक आकृतीत दोन काटकोन होतात. चांदी, चांदीसारखा धातू किंवा अर्धा इंच रुंदीची आकाशी फीत, यापैकी काहीही चालतं. मास्टरपद वर्षाने संपलं तरी ही खूण उतरत नाही. लॉजमधल्या पदांपैकी एप्रनवर कायमचं उमटतं असं हे एकच.

रंग बदलला की दर्जा बदलला. लॉजमधले आकाशी आणि रुपेरी, प्रांतिक आणि ग्रँड लॉजचे अधिकारी गडद निळ्यात आणि सोनेरीत, तर ग्रँड लॉजच्या मेजवानीची व्यवस्था पाहणारे ग्रँड स्टुअर्ड किरमिजीत. ग्रँड स्टुअर्ड नेमायचा हक्क इंग्लंडमध्ये फक्त १९ लॉजेसना आहे आणि त्यांना ‘रेड एप्रन लॉज’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये मात्र हे कोष्टक लावू नका. तिथे प्रत्येक लॉज आपले रंग स्वतः निवडते, काही टार्टन हे चौकड्यांचं स्कॉटिश कापडही वापरतात, आणि झडप बहुधा गोलाकार असते. हिरव्यासारख्या वेगळ्या रंगाचं एप्रन पाहून मोठा अधिकारी समजण्याची चूक तिथे सहज होते.

अमेरिकेत नव्या सदस्याला पहिल्याच रात्री कातड्याचं एप्रन भेट देतात आणि तो ते बहुधा घरी जपून ठेवतो. अंत्यविधीला ते त्याच्यासोबत जातं. रोजच्या बैठकीत दाराशी ठेवलेल्या कापडी एप्रनांतलं एक घालतात. इंग्लंडमध्ये पहिल्या दोन डिग्र्यांची एप्रन्स सहसा लॉजची असतात आणि मास्टर मेसनचं सदस्य स्वतः घेतो. अमेरिकेत लॉजच्या मास्टरच्या डोक्यावर हॅट असते, इंग्लिश लॉजमध्ये नसते. सार्वजनिक ठिकाणी हा पोशाख घालायला इंग्लंडमध्ये खास परवानगी लागते.

कॉलर आणि ज्वेल

अधिकाऱ्यांची कॉलर चार इंच रुंदीच्या आकाशी फितीची असते आणि छातीवर टोकदार होऊन उतरते. टोकाला पदाचं ज्वेल. मास्टरला गुण्या, सीनिअर वॉर्डनला पाणसळ, ज्युनिअर वॉर्डनला ओळंबा. खजिनदाराला किल्ली, सेक्रेटरीला दोन लेखण्यांची फुली, दोन्ही डीकनांना ऑलिव्हची डहाळी चोचीत धरलेलं कबूतर. काही जुन्या लॉजेसमध्ये डीकनांचं ज्वेल अजूनही रोमन देव मर्क्युरीचं आहे. अशी लॉज दिसली तर ज्वेल्सची तारीख जरूर विचारा. आतल्या पहारेकऱ्याला दोन तलवारींची फुली, टायलरला एकच तलवार. विधीसंचालकाला दोन दंडांची फुली, मदतनिधी सांभाळणाऱ्या आल्मनरला हृदय कोरलेली थैली. नुकताच निवृत्त झालेला मास्टर गुण्याच घालतो, पण त्याच्या आत युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातल्या सत्तेचाळिसाव्या प्रमेयाची, म्हणजे पायथागोरसच्या सिद्धांताची आकृती कोरलेली चांदीची पट्टी लटकते.

स्टुअर्ड, इनर गार्ड (आतला पहारेकरी), ज्युनिअर डीकन, सीनिअर डीकन, ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि मग मास्टर, असा नेहमीचा क्रम. दरवर्षी एक पाऊल म्हटलं तर सहा-सात वर्षं लागतात. मास्टर व्हायला वॉर्डन म्हणून एक वर्ष काम केलेलं असावं लागतं. ही चढण पदांची आहे. डिग्री वाटेत कुठेही बदलत नाही.

क्राफ्टच्या पलीकडे

क्राफ्टला जोडून असलेल्या रॉयल आर्च या विधीला इंग्लंड तिसऱ्या डिग्रीच्या वरची पायरी मानत नाही. १८१३च्या कराराने तिला तीन डिग्र्यांतच धरलं आणि २००३मध्ये शब्द सुधारून तिला आधीच्या डिग्र्यांचा विस्तार म्हटलं गेलं, श्रेष्ठही नाही आणि कनिष्ठही नाही. मास्टर मेसन झाल्यावर चार आठवड्यांनी तिच्यात जाता येतं. तिच्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि तिचे तीन प्रमुख लाल, जांभळट आणि निळे झगे घालतात. एप्रनच्या आणि डाव्या खांद्यावरून उजवीकडे उतरणाऱ्या पट्ट्याच्या किनारीवर किरमिजी-निळे त्रिकोणी दात असतात. छातीवरचं ज्वेल साध्या सदस्याला पांढऱ्या फितीवर, प्रमुखपद भूषवलेल्याला लाल फितीवर.

मार्क ही आणखी एक डिग्री. तिची इंग्लंडमध्ये १८५६पासून स्वतंत्र ग्रँड लॉज आहे. तिचं एप्रन आकाशी-किरमिजी किनारीचं आणि ज्वेल कमानीच्या मधल्या दगडाचं, आणि प्रत्येक सदस्य पाथरवटासारखी आपली स्वतःची खूण निवडतो. अमेरिकेत मार्क, पास्ट मास्टर, मोस्ट एक्सलंट मास्टर आणि रॉयल आर्च या चार डिग्र्या मिळून चॅप्टर होतं, पुढे क्रिप्टिक आणि मग नाइट्स टेम्प्लर या शाखा. या साखळीला यॉर्क राइट म्हणतात.

आता ते तेहतीस. स्कॉटिश राइटची पहिली सर्वोच्च परिषद ३१ मे १८०१ रोजी अमेरिकेत चार्ल्स्टनला स्थापन झाली. या परंपरेत चौथीपासून बत्तिसावीपर्यंत डिग्र्या आहेत. अमेरिकेच्या दक्षिण अधिकारक्षेत्रात ४ ते १४ लॉज ऑफ परफेक्शनकडे, १५ ते १८ रोज क्रॉइक्सकडे, १९ ते ३० कदोशकडे आणि ३१-३२ कन्सिस्टरीकडे. काही डिग्र्या रंगमंचावर नाटकासारख्या दाखवतात आणि बाकीच्या थोडक्यात सांगून देतात, त्यामुळे बत्तिसावीपर्यंतचा प्रवास कधी कधी दोन-तीन दिवसांत होतो. तेहतिसावी सन्मान म्हणून दिली जाते. दक्षिण क्षेत्रात बत्तिसाव्या डिग्रीची टोपी काळी आणि तेहतिसाव्याची पांढरी. लाल टोपी मधल्या एका सन्मानाची, तिला डिग्रीचा आकडा नाही. इंग्लंडमध्ये हा क्रम वेगळा चालतो: अठरावी विधीने देतात, त्याआधीच्या नुसत्या नावाने. तिथे ही परंपरा आणि नाइट्स टेम्प्लर दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेची अट घालतात.

तेहतिसावी डिग्री घेतलेला माणूस क्राफ्ट लॉजमध्ये येऊन बसला तर त्याचा आकडा तिथे चालत नाही, हातोडा मास्टरच्याच हाती राहतो. पोशाखाचा नियमही हेच सांगतो: इंग्लिश क्राफ्ट लॉजमध्ये फक्त क्राफ्ट आणि रॉयल आर्चची ज्वेल्स चालतात. मार्कचा दगड किंवा टेम्प्लरचा क्रॉस लावून आलेल्याला दारातच तो काढायला सांगतात. अनेक शाखांत जाणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते, कारण सगळी ज्वेल्स एकाच पेटीत असतात. क्राफ्टची पेटी वेगळी ठेवणं हा सोपा उपाय आहे.

जपणूक

कोकराचं कातडं घडी घालून ठेवलं की घडीच्या रेषेवर तडकतं, म्हणून एप्रन सपाट पेटीतच ठेवावं. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर शाई उतरते, प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर दमट हवेत बुरशी धरते. पांढरा पातळ बिनआम्ल कागद सगळ्यांत बरा. पाण्याने धुवू नये, डाग कोरड्या मऊ फडक्यानेच टिपावा. गोंड्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, त्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळाव्यात. बंदाचा नागमोडी आकडा लावून कमरेचं माप जाकीट घालून घ्यावं, कारण एप्रन जाकिटावरून बांधतात आणि शर्टावर घेतलेलं माप हमखास आखूड पडतं. मास्टर झाल्यावर नवं एप्रन घ्यायलाच हवं असं नाही. फुलं उसवून तिथे आकृत्या बसवून मिळतात, फक्त फुलांखालचं कातडं बाकीच्यापेक्षा पांढरं राहिलेलं असतं आणि टाक्यांची छिद्रं दिसतात. एप्रन फार पिवळं पडलेलं असेल तर हा फरक लपत नाही, तेव्हा नवंच घ्यावं.